आजीची वसुली

आजीच्या तेराव्याला पंगती उठल्या, माणसं ओसरीवर टेकली आणि पानाच्या तबकाबरोबर एकच वाक्य फिरायला लागलं. "बिचारीनं जन्मभर कष्ट उपसले." कुणी म्हणालं हाडांची काडं केली, कुणी म्हणालं सुखाचा घास असा नाहीच मिळाला. लांबच्या एका काकांनी तर तिला कधी न भेटताच डोळे पुसले. मीही मान डोलावली. अशा वेळी मान डोलावायचीच असते.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण ते ऐकताना मला सारखं वाटत होतं की ही माणसं दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलतायत. सत्कारमूर्तीला शाल-नारळ देऊन मोकळं व्हावं तसं आपण घरातल्या म्हाताऱ्या बायकांना 'कष्टाळू' हा शब्द देऊन मोकळे होतो. त्यांनी किती भाकऱ्या थापल्या याचा हिशेब लावतो. त्यांना मजा कशात यायची, हे विचारत नाही. आजीला मजा कशात यायची, ते मला ठाऊक होतं. तिला भटकायला आवडायचं.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही देवगड तालुक्यातलं, मध्ये एक डोंगर आणि एक व्हाळ. लग्न १९५६ सालचं, तेव्हा ती अठराची. नवरा मुंबईत मिलमध्ये, साचेखात्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तिला मुंबईला न्यायचं ठरलं आणि माहेरी रडारड सुरू झाली. मुंबईची भीती नव्हती, भीती आगबोटीची होती. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती, पण किनाऱ्यावरच्या घरांत नऊ वर्षं म्हणजे काहीच नाही. आजीच्या आईनं समुद्राला नारळ घातला, लेकीच्या पदराला अंगारा बांधला आणि बजावलं, बोटीत डोळे मिटून बस, मुंबई आली की उघड.

आजी जन्मात कधी डोळे मिटून बसली नाही.

तेव्हा देवगडात बोट काही धक्क्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकायची आणि किनाऱ्यावरून पडाव भरून माणसं तिच्याकडे जायची. ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, तान्ही पोरं, सगळं त्याच पडावात. पडाव बोटीला टेकला की खरी परीक्षा. लाट पडावाला वर उचलते तेवढ्याच क्षणात शिडी धरायची. क्षण चुकला तर पडाव खाली जातो, आपण लोंबकळत राहतो. वरून खलाशी ओरडतोय, खालून तांडेल ओरडतोय, बायका देवाचं नाव घेतायत. आजीनं आपली पाळी येईपर्यंत चार-पाच लाटा नुसत्या मोजल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि खलाशानं हात पुढे करायच्या आत ती शिडीवर होती. आजोबांचा हात मात्र खलाशाला धरावा लागला. हा भाग ती आजोबा समोर असतानाच सांगायची.

बोट वेंगुर्ल्याकडून आलेली, संध्याकाळची. रात्रभर डेकवर सगळ्यांना बोट लागली. माणसं आवळासुपारी चघळत, लिंबं हुंगत आडवी पडली होती. आजी कठड्याला धरून उभी. किनाऱ्यावर मिणमिणणारा प्रत्येक दिवा कुठल्या गावचा, हे विचारून तिनं एका म्हाताऱ्या खलाशाचं डोकं खाल्लं. मी एकदा तिला विचारलं होतं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "भय नाय वाटला असा नाय. पण मजा येय होती."

बाकी सगळ्यांनी तिच्याबद्दल जे सांगितलं ते या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात बसतं. दुसरं अर्धं माझ्याकडे आहे.

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिनं खानावळ काढली ती १९६० च्या सुमाराला. काढली म्हणजे पाटी वगैरे लावली नाही. आजोबांच्या खात्यातले दोन गाववाले जेवायला यायला लागले, मग त्यांचे दोन, मग पंचवीस. गिरणगावात अशा खानावळी चाळीचाळीत होत्या. मिलमधला बहुतेक गडी बायकापोरांना गावी ठेवून आलेला, त्याला कुणीतरी मावशी लागायचीच. आजीचं नाव तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, ती सगळ्यांची मावशी.

तिच्या घरी घड्याळ नव्हतं, भोंगा होता. पहिली पाळी सातची, म्हणजे चारला उठून डबे. दुसरी पाळी साडेतीनला लागायची, ते जेवून अडीचच्या आत उठले पाहिजेत. त्यांची पानं उचलतेय तोवर पहिली पाळी सुटून केसांत कापसाचे तंतू घेऊन दारात हजर. रात्री अकराला रातपाळीवाले. मध्यरात्री दुसरी पाळी सुटायची, त्यातले चौघे जण झाकून ठेवलेलं जेवायचे. दिवसा रातपाळीवाले खोलीबाहेरच्या गॅलरीत झोपायचे, त्यांच्या डोक्यावरून उड्या मारत आमच्या बाबांचं बालपण गेलं. स्टोव्ह थंड झालेला आपण पाहिला तो एकदम संपातच, असं बाबा म्हणतात.

आणखी एक भानगड होती. जेवणाऱ्यांत निम्मे कोकणातले, निम्मे घाटावरचे. कोकण्यांना तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात, घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत कोरड्यास. घाटावरचे नारळाच्या आमटीला 'खोबऱ्याचं पाणी' म्हणायचे. कोकणी म्हणायचे, यांच्या घशाला आतून पत्रा मारलाय. आजी दोन पातेली चढवायची आणि दोघांनाही शिव्या घालायची.

आता वही. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पंचवीस जणांचे महिन्याचे खाडे लक्षात ठेवायचे होते, कारण जितक्या वेळा जेवला नाही तितके पैसे कापायचे. तिनं प्रत्येकाला एक चित्र दिलं. मिशाळ होता त्याच्या नावानं मिशी. एक चष्मा. मालवणचा एक होता त्याचा मासा, तोही काट्यासकट. एक जण सारखा भांडायचा, त्याचा विंचू. पाटणकडचा एक उंच गडी होता त्याची शिडी. चित्राच्या पुढे खाड्यांच्या फुल्या, उधारीच्या उभ्या रेघा. हे गडी पगाराच्या दिवशी वहीत आपलं चित्र शोधायचे. विंचवाला म्हणे शेवटपर्यंत कळलं नाही की ते त्याचं आहे. तो त्याला झाड समजायचा.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तोवर किराणा भरायला सावकार हाच आधार होता आणि त्याचं व्याज कोकणातल्या पावसासारखं, थांबायचं नाव नाही. मंडळामुळं या बायकांना गट करून बँकेचं कर्ज मिळायला लागलं, एकमेकींच्या जामिनावर. आजी त्यात दोन-तीन वर्षांनी गेली. कर्जातून तिनं जर्मनची मोठी पातेली आणली आणि ते फेडलंही, पण ती सांगायची वेगळंच. बँकेत तिला अंगठा लावायचा नव्हता. महिनाभर रात्री भांडी घासून झाल्यावर ओल्या फरशीवर बोटानं ती सही गिरवत होती. बँकेत गेली, सही केली आणि बाहेर येऊन, दादरला आलोच आहोत तर म्हणून, चौपाटीवर एकटी बसली. बसनं न जाता चालत घरी आली. तेवढ्यासाठी दुसऱ्या पाळीचं जेवण अर्धा तास उशिरा झालं आणि विंचू भांडला.

दर मे महिन्यात गावी जायची ती बोटीनंच, शेवटच्या बोटींपैकी एखादी पकडून. पुढे पावसाळाभर बोट बंद. 'रोहिणी', 'कोकण सेवक' ही नावं ती मैत्रिणींची घ्यावीत तशी घ्यायची. तोवर एसटी सगळीकडे पोचली होती आणि आजोबा एसटीनं जायचे. नवराबायको वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच घरी पोचायची. यात भांडण काहीच नव्हतं. त्याला बोट लागायची, तिला एसटीत गुदमरायचं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत, पुढचं सगळं बरंच लिहिलं गेलंय आणि जास्त चांगल्या माणसांनी लिहिलंय. मी खोलीपुरतं सांगते. भोंगे थांबले आणि आजीला पहिल्यांदा दिवसाचे तास कळेनासे झाले. पहिले दोन-तीन महिने कुणालाच वाटत नव्हतं की हे लांबेल. गडी उधारीवर जेवत होते, वहीत उभ्या रेघा वाढत होत्या. मिरगाला बरेचसे पेरणीला म्हणून गावी गेले ते परत आले नाहीत. उरलेले सकाळ-संध्याकाळ यायचे, पण पानावर मान खाली घालून जेवायचे. विंचूसुद्धा भांडेनासा झाला तेव्हा आपण घाबरलो, असं आजी म्हणायची. गणपतीनंतर तिनं एक वेळचं जेवण बंद केलं, दिवाळीनंतर दुसऱ्याही वेळचं. आजोबा खिडकीत बसून राहायचे. ते पुढे बरीच वर्षं तसेच बसले, फक्त खिडकी बदलली.

१९८३ च्या मे महिन्यात आजी म्हणाली, मी वसुलीला जाते.

घरात हसावं की रडावं कळेना. बाबा तेव्हा पंचविशीचे, एका दुकानात लागलेले. त्यांनी समजावून पाहिलं की ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांच्या दारात जाऊन तू काय मागणार? आजी म्हणाली, मागणार कशाला, आठवण करून देईन. तिनं त्यांना वही घेऊन बसवलं आणि प्रत्येक चित्राशेजारी गाव आणि तालुका लिहून घेतला. ही गावं तिला तोंडपाठ होती, वीस वर्षं ऐकत होती. चित्र तिच्यासाठी, अक्षरं कंडक्टरसाठी.

पंचेचाळीस वर्षांची बाई, एक पिशवी, एक वही. घाटावर तिनं तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. परळहून एसटीनं कऱ्हाड, तिथून पाटण, तिथून कोयनेच्या खोऱ्यात आत. शिडीचं घर सापडायला एक अख्खा दिवस गेला. घराच्या भिंतीला मोठी भेग होती, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची. त्या पहाटेची बातमी कळल्यावर हा उंच माणूस कोयनेच्या गाडीसाठी धावत सुटला होता आणि आजीनं त्याच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं कोंबलं होतं. त्याची आई वाचली होती. सोळा वर्षांनी त्याच आईनं आजीला ओळखदेख नसताना जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी आणि लाल ठेचा, दुसरं घरात काहीच नव्हतं. आजी सांगायची, चहूकडं नुसता खडक आणि उतार, नारळाचं झाड औषधाला नाही. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की हे मेले खोबऱ्याला नाक का मुरडायचे. वही तिनं पिशवीतून काढलीच नाही. निघताना म्हातारीनं नाचणीचं गाठोडं दिलं ते मात्र घेतलं. नको म्हणणं म्हणजे अपमान, एवढं तिला धंद्यानं शिकवलं होतं.

पुढची गावं मी भराभर सांगते, तीही तशीच सांगायची. चष्मा गावात नव्हता, सुरतेला गेला होता. मिशी भेटली, दोन महिन्यांची उधारी होती, त्यानं शेळी विकून पैसे दिले, तिनं निम्मे परत केले. एक जण गेलाच होता, त्याच्या बायकोपाशी ती रात्रभर राहिली. गडहिंग्लजजवळच्या एका घरातून पैशांऐवजी गुळाचा रवा आणि एक तांबडी कोंबडी मिळाली. आजऱ्याच्या एका गड्यानं घनसाळ तांदूळ दिला. त्या तांदळाच्या वासाचं ती असं वर्णन करायची की शिजवलेला भात कुणी उघड्यावर न्यावा नि आख्ख्या वाडीनं मागून चालावं. हे सगळं घेऊन ती आंबोली घाट उतरली. कोंबडी मांडीवर. कंडक्टरनं कोंबडीचंही तिकीट फाडलं, त्यावर तिचं म्हणणं होतं की मग तिला खिडकीची जागा द्या. सावंतवाडी, कणकवली, देवगड. ती कोंबडी पुढे चार वर्षं आमच्या खळ्यात होती आणि तिचं नाव 'घाटावरची' असंच होतं.

एकूण वसुली ६४० रुपये. एसटीला किती गेले ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाबांना हिशेबाची सवय. त्यांनी एकदा वहीवरून गणित मांडलं की या सगळ्याला फार तर बारा दिवस लागायला हवेत. आजी बावीस दिवसांनी पोचली होती. आणि कोल्हापुरात ती तीन दिवस होती, तिथं तर तिचं देणं लागणारा कुणीच नव्हता. विचारलं तर म्हणायची, अंबाबाईचं दर्शन घेतलं. तीन दिवस? गर्दी होती, म्हणायची.

त्यानंतर तिनं मुंबईची खोली सोडली. गावी काजूबी घेऊन विकायची, रतांबे वाळवून सोलं करायची, आजोबांचं सगळं करायची, सुनांना छळायचीही. होय, छळायची. दुसरीच्या हातचं तिला कधी पसंत पडलं नाही आणि ते ती तोंडावर सांगायची. माझी आई तिच्या तेराव्याला रडली, पण 'कष्ट उपसले'वाल्या बायकांत बसली नाही. आत जाऊन भांडी लावत राहिली.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्या उन्हाळ्यात आम्ही तिला मुंबईला आणायला म्हणून कणकवलीहून गाडीत बसवलं. आम्हा पोरांना वाटलं होतं ती हरखून जाईल. नव्वदहून जास्त बोगदे आहेत त्या मार्गावर, रत्नागिरीच्या पुढचा करबुडेचा तर साडेसहा किलोमीटरचा. आजी खिडकीला नाक लावून बसली होती. बोगदा आला की स्वतःचाच चेहरा काचेत. चार-पाच बोगदे झाल्यावर ती वैतागली. "ह्या काय गे? अर्धो वेळ काळोखच दिसता. बोटीत निदान आभाळ तरी दिसायचा." पानवलच्या पुलावर मात्र, जवळजवळ चौसष्ट मीटर खाली दरी दिसली तेव्हा, तिनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं घाबरली. ती मला पुढे ओढत होती, नीट बघ म्हणून.

बोटी केव्हाच बंद पडल्या होत्या. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाची क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा ती ऐंशीची. मी फोनवर तिला फोटो दाखवले. पोहण्याचा तलाव, झुंबरं, जेवणाची टेबलं. म्हटलं, जायचं? तिनं चष्मा वरखाली करून सगळं पाहिलं.

"देवगडाक थांबता?"

"नाही. सरळ गोवा."

"पडाव येता?"

"नाही गं."

"मगे कित्याक?" म्हणाली आणि फोन परत दिला.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट, याच्या दोन-तीन महिने आधीची. दुपारची वेळ, बाहेर धो धो, वीज गेलेली, मी आणि ती दोघीच पडवीत. मी ती वही काढून चाळत होते आणि सहज म्हटलं, आता तरी सांग, कोल्हापुरात काय केलंस तीन दिवस? आजोबा जाऊन दहा वर्षं झाली होती. तरी तिनं आधी आत डोकावून पाहिलं, सून नाही ना.

पहिल्या दिवशी देवीचं दर्शन. खरंच घेतलं. दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर गेली आणि कुणी ओळखीचं नाही, कुणी मावशी म्हणून हाक मारणार नाही, या आनंदात संध्याकाळपर्यंत बसली. तिसऱ्या दिवशी सिनेमा पाहिला. एकटीनं. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, बाई, सोबत कोण? तर हिनं पिशवी दाखवली.

"कुठला सिनेमा?"

"नाव माका वाचूक खय येता? बायल सारखी रडी होती त्याच्यात. मी मदीच उठलंय. भूक लागली होती."

"मग?"

ती हसायला लागली. दात नव्हते, त्यामुळे तिचं हसू सगळ्या तोंडभर पसरायचं.

"मगे खानावळीत गेलंय. पाटार बसलंय. त्या बायेन ताट वाढल्यान, मी जेवलंय, पैशे दिलंय आणि ताट थयच ठेवन उठलंय. घासूक नाय."

"कसं होतं जेवण?"

आजीनं क्षणभर विचार केला. पावसाकडे बघत म्हणाली, "आमटीत मीठ कमी होता."